एकदिशीच्या शेजारणी

कल्याणच्या माझ्या घरापुढचा वाफा पाहून येणारा-जाणारा मला दोन गोष्टी हमखास सांगतो. पहिली ही, की इतक्या सुरेख केशरी फुलांच्या रांगेला लागून मी सदाफुली का लावली. ती मसणवटीत उगवते, शिकलेल्या माणसाच्या दारात शोभत नाही. दुसरी ही, की मागचा गवती चहा काढून तिथे गुलाब लावावेत, म्हणजे वाफ्याला भारदस्तपणा येईल. सांगणारे चांगले लोक असतात. काही माझ्याबरोबर नोकरीत होते, एक तर माझे व्याही आहेत. मी सगळे ऐकून घेतो, त्यांना चहा देतो, आणि वाफ्यातले एक पान हलवत नाही. व्याही एकदा चिडून म्हणाले की तुम्ही बी. ए. झालात तरी हट्ट मिठागरवाल्याचाच राहिला. मी म्हटले, बरोबर ओळखलेत. त्यांना त्या दिवशी जे सांगायचे राहिले ते इथे लिहून ठेवतो.

मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा आम्ही ठाण्यात एका साहेबाच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. माझा बाप गोमा, त्याला मी बा म्हणत असे, मूळचा खाडीपलीकडचा, कळव्याचा. त्याच्या बापापासून सगळे मिठागरावर राबलेले. साहेब एकदा मिठागरे पाहायला आला असताना त्याने बाची बांध घालण्याची हातोटी पाहिली. दोरी न लावता सरळ रेघेत बांध घालणारा माणूस बागेतले वाफेही नीट घालील, असे त्याला वाटले असावे. बा माळी झाला तो असा. झाडांचे त्याला काही कळत नव्हते, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगे. पण त्याला पाणी कळत होते. कोणत्या आळ्यात पाणी थांबेल, कोणत्यातून पळेल, हे तो जमिनीवर पाय दाबून सांगे. पहाटे रहाट कुरकुरायला लागला की मला जाग येई. त्या पाठोपाठ पुलावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज, आणि भरतीची वेळ असली तर खाडीच्या पाण्याचा दगडांवर होणारा चुबुक-चुबुक आवाज. अजूनही कल्याणात पहाटे जाग आली की मी आधी रहाट ऐकू येतो का ते पाहतो.

आईचे म्हणजे सगळे चुलीपाशी. तांदळाची भाकरी ती हातावरच थापी, आणि भाजलेल्या जवळ्यात कांदा आणि कोकमाचे आगळ घालून असे काही कालवी की त्या वासाने मला शाळेतले पाढे विसरायला होई. बंगल्यावर एक कारकून होते, दाजीपंत. साहेबाची पत्रे, नोकरचाकर, बागेची खरेदी, सगळे त्यांच्याकडे. मडमेला वास जाईल म्हणून त्यांनी हुकूम काढला होता की मडम घोड्यावरून फिरायला गेली असेल तेवढ्याच वेळात मासळी शिजवावी. आई पहिल्या दिवशी ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांच्या कुत्र्याला रोज मटण, आणि माझ्या जवळ्याला बंदी. घोड्याला विचारून चूल पेटवू काय मी?" आणि नेहमीच्या वेळेला तिने चूल पेटवली. बा मात्र दाजीपंत समोर आले की खाली बघे. हुकूम झाला की तो मोडायचा असतो हे त्याच्या कानावर कधी आलेलेच नव्हते. मी या दोघांच्या मधे वाढलो. वागणे बाचे आणि मन आईचे, असे माझे तेव्हा चालले होते.

त्या दोन खोल्यांवर माझी शाळा उभी होती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कळव्याला माझ्या बरोबरीची पोरे दोन हंगामांपूर्वीच मिठागरावर उतरली होती. त्यांच्या पायांना पडलेल्या मिठाच्या भेगा मी पाहिल्या होत्या. मी इंग्रजी शाळेत होतो तो बाची जागा होती म्हणून, राहायला शाळेजवळ छप्पर होते म्हणून. बाची जागा गेली की आम्ही तिघे होडीत बसून पलीकडे जाणार, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पाटीऐवजी मीठ ओढायचे फळकूट येणार. आमचे हेडमास्तर मला म्हणत की तू मॅट्रिक होशील. तो शब्द मी इतक्या जपून मनात ठेवला होता की आईलासुद्धा मोठ्याने सांगितला नव्हता.

आता त्या फुलाकडे येतो. मडमेने ते कांदे-मुळे साहेबाच्या आधीच्या नेमणुकीच्या गावच्या बागेतून गोणपाटात बांधून बरोबर आणले होते. लांब, गवतासारखी पाने, मधून उंच दांडा, त्यावर कळ्यांचा घोस. सकाळी एक केशरी फूल उमलायचे, दिवसभर ताठ उभे राहायचे, आणि संध्याकाळी मिटून लोंबायचे, ते पुन्हा कधी उघडत नसे. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी. मडम तिला लिली म्हणे. बाने तिचे नाव ठेवले एकदिशी. पहिल्या वर्षी ती फुलली तेव्हा बा दर संध्याकाळी मिटलेली फुले खुडायचा आणि घरी येऊन आईला सांगायचा की आज इतकी गेली. जणू त्याच्या हातून काही चुकले होते.

मडमेला वेगळीच खंत होती. संध्याकाळी पाहुणे व्हरांड्यात बसत तेव्हाच नेमका तो वाफा मरगळलेला दिसे, आणि फुलांचा हंगाम सरला की मग तर नुसती पिवळी पाने. तिच्याकडे बागेचे एक जाड पुस्तक होते. त्यात या लिलीच्या जोडीला कोणती वर्षानुवर्षे टिकणारी झाडे लावावीत ते चित्रांसकट दिलेले होते. फ्लॉक्स, आयरिस, लार्कस्पर अशी काही नावे मला अजून आठवतात. पुस्तक विलायतेत लिहिलेले. दाजीपंतांनी यादी करून मुंबईहून रोपे मागवली, आणि दसऱ्याच्या सुमारास ती टोपल्यांतून आली. इवलीशी, कोवळी, ओल्या शेवाळात गुंडाळलेली. बाने ती मडमेने दाखवल्याप्रमाणे एकदिशीच्या भोवती लावली.

आणि मग त्याने एक गोष्ट केली, जी मिठागरावरचा माणूसच करू जाणे. आमच्याकडे नारळाचे रोप लावताना खड्ड्यात मूठभर मीठ घालतात. त्याने वाळवी लागत नाही आणि रोप धरते, असे आम्ही पिढ्यान्पिढ्या करत आलो. शिवाय घरात नवे मूल आले, नवी सून आली, की आई मीठ ओवाळून टाकायची. बाच्या दृष्टीने मीठ म्हणजे घरातली सगळ्यात चांगली वस्तू. तेव्हा लांबचा प्रवास करून आलेल्या त्या नाजूक रोपांना त्याने काय करावे? त्याने कळव्याहून भावाकडून जाडे मीठ मागवले आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी एकेक मूठ घातले. एकदिशीलाही घातले, भेद केला नाही. मी शाळेतून आलो तेव्हा तो हात झटकत म्हणाला, "आता भ्यायचं काम नाय. मीठ घातलंय." आई आणि मी दोघांनी मान डोलावली. आमच्या तिघांपैकी एकालाही त्यात वावगे वाटले नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

दिवाळीपर्यंत पुस्तकातली सगळी रोपे मेली. आधी कडा करपल्या, मग काळी पडून ती जमिनीशी लागली. एकदिशीची पाने थोडी पिवळली, आणि मग तिने खाली नवे कोंब काढले. बा रोज तिथे उकिडवा बसून पाहत राही. दाजीपंत एक दिवस काठीने माती उकरत होते, आणि त्यांना पांढरे खडे सापडले.

दाजीपंत वाईट माणूस नव्हते. माझ्या शाळेच्या पहिल्या वर्षी त्यांनीच मला आपली जुनी लेखणी दिली होती. पण रोपे त्यांच्या हातून मागवलेली होती, साहेब विचारणार होता, आणि विचारल्यावर दाखवायला कोणीतरी हवे होते. एका सकाळी ते आमच्या खोलीच्या दाराशी आले, कागद आणि शाईची दौत घेऊन. बाला म्हणाले, "गोमा, इथे अंगठा कर." बाने हात धोतराला पुसून पुढे केला. मी भाकरी खात होतो. मी विचारले की काय लिहिले आहे. ते म्हणाले, "तुला काय करायचंय? तू शाळेत जा."

"शाळेतच वाचायला शिकलो," मी म्हणालो. "द्या इकडे."

त्यांनी दिला नसता. पण आई मधे उभी राहिली, आणि तिच्या हातात तव्यावरची उलथणी होती. कागद मोडीत लिहिलेला होता, आणि दाजीपंतांची मोडी वळणदार पण दाट. मी अडखळत मोठ्याने वाचले. मी गोमा, राहणार कळवे, याने मडमसाहेबांच्या बागेत जाणूनबुजून खाडीचे पाणी आणि मीठ घालून झाडे मारली. मला कामावरून काढल्यास माझी तक्रार नाही. खाली तारखेची जागा, आणि तिच्या डाव्या बाजूला अंगठ्यासाठी सोडलेली जागा.

बाचा हात तसाच पुढे होता. तो म्हणाला, "मीठ तर घातलंय मी." म्हणजे तो अंगठा करणारच होता. मीठ घातले हे खरे, मग बाकीचे मोठ्या माणसांनी लिहिले आहे तेही खरेच असेल, असा त्याचा हिशेब. मी त्याचा हात धरून खाली केला. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाच्या अंगाला अशा तऱ्हेने हात लावला. मी दाजीपंतांना म्हटले की मीठ घातले हे आम्ही मडमेपुढे जाऊन सांगू. पण खाडीचे पाणी घातले नाही, आणि जाणूनबुजून मारली तर नाहीच. हे दोन शब्द कागदात आहेत तोवर या घरातला अंगठा मिळायचा नाही. दाजीपंत म्हणाले, "मिठागरवाल्याला आता वकील मिळाला." आणि कागद मागायला हात पुढे केला. मी तो घडी करून बंडीत घातला. का घातला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. परत दिला की घरात दुसरे कोणी नसताना ते पुन्हा येतील, एवढे सुचले असावे.

मडम व्हरांड्यात काहीतरी विणत बसली होती. जाता जाता मी मनात पाच इंग्रजी वाक्ये जुळवली होती. तिसऱ्या वाक्यात क्रियापद सापडेना, तेव्हा मी इंग्रजी सोडून मराठीत बोलू लागलो. तिला मराठी समजे. ती या मुलखात आठ वर्षे होती. मी तिला नारळाच्या खड्ड्यातल्या मिठाबद्दल सांगितले, वाळवीबद्दल सांगितले, आईच्या मीठ ओवाळण्याबद्दल सांगितले. माझ्या बापाने तुमच्या झाडांना आपल्या घरच्यासारखे मानले म्हणून ती मेली, हे सांगितले. मग जे सांगायचे मी ठरवले नव्हते तेही तोंडातून गेले. मी म्हटले की मीठ घातले नसते तरी वैशाखात ती मेलीच असती, कारण बागेतल्या विहिरीचे पाणी तेव्हा मचूळ होते. खाडी इथून हाकेच्या अंतरावर आहे. तुमच्या पुस्तकाला ही विहीर ठाऊक नाही. तुमची लिली मिठात जगली. तिच्या जोडीला मिठात जगणारी झाडे पाहिजेत, आणि ती आम्हाला ठाऊक आहेत.

बा, आई आणि दाजीपंत माझ्या मागे येऊन उभे होते. मडमेने विणकाम खाली ठेवले.  वैशाखात ती थंड हवेच्या डोंगरावर जायची, ज्येष्ठ लागताना परत यायची. मी परत येईपर्यंत तो वाफा तुमचा, ती म्हणाली. तेव्हा संध्याकाळच्या वेळी तो मला चांगला दिसला पाहिजे. दाजीपंतांनी लगेच पुस्ती जोडली की न दिसल्यास त्याच कागदावर अंगठा. आई हे ऐकून म्हणाली, "मंजूर." तिला कोणी विचारलेही नव्हते.

आम्हाला ठाऊक आहेत असे मी म्हणालो खरे, पण काय ठाऊक होते? घरी आल्यावर बा कपाळाला हात लावून बसला. मला तर बागेत शोभेल असे खाडीकाठचे एक झाडही आठवेना. आई भांडी घासता घासता म्हणाली की यात अवघड काय आहे, लावणीला बायका उभ्या करतात तशी झाडे उभी करायची. आई पावसाळ्यात कळव्याला भाताच्या लावणीला जायची, आणि पातीला, म्हणजे लावणीच्या रांगेत, कोणी कोणाशेजारी उभे राहायचे ते तीच ठरवायची. चपळ हाताच्या बाईशेजारी चपळ बाई, नाहीतर एक पुढे जाते आणि दुसरीच्या पुढ्यात रोपांचा ढीग पडतो. जी हातपाय पसरते तिला कडेला ठेवायचे. सकाळी जिचा हात चालतो तिच्याजवळ दुपारनंतर जिचा हात चालतो ती ठेवायची, म्हणजे पात दिवसभर चालती राहते. "तुझी एकदिशी सकाळची बाई," ती म्हणाली. "संध्याकाळची बघ कोण हाय." मी पुढे कॉलेजात वनस्पतीशास्त्राचे एक पुस्तक हौसेने वाचले. झाडांच्या शेजाराबद्दल यापेक्षा शहाणे काही मला त्यात सापडले नाही.

माझा मामा, पदू, कळव्याहून कल्याणला मचव्यातून मीठ नेत असे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी भरतीबरोबर बा आणि मी त्याच्या मचव्यात बसलो. एका बाजूला मुंब्र्याचा डोंगर, दुसरीकडे चिखल आणि तिवरे. मामा आम्हाला हसत होता. मीठ विकत आयुष्य गेले, म्हणाला, आणि आता मेहुणा मिठाला नवरी बघायला निघाला. कोपरच्या अलीकडे बाने एकदम मचवा थांबवायला सांगितला. काठावर, भरतीचे पाणी ज्याच्या बुडाला लागत होते असा एक मोठा हिरवा गड्डा होता. रुंद पट्टीसारखी पाने, आणि त्यांच्या मधून पांढऱ्या, लांब, बोटांसारख्या पाकळ्यांचे एक उशिरा आलेले फूल. आम्ही पोरे त्याला नुसता खाडीचा कांदा म्हणायचो आणि त्याच्या पानांच्या होड्या करायचो. बा कमरेएवढ्या चिखलात उतरला आणि त्याने तीन कांदे सोडवून आणले. त्याच्या तोंडावर दिवाळीनंतर पहिल्यांदा काही हलले. "याला मीठ काय करील," तो म्हणाला. "यो आपला भाऊबंद."

मला तिथेच वाटले की लिहून ठेवावे. कागद शोधायला बंडीत हात घातला तर दाजीपंतांचाच निघाला. मी तो उलटा केला आणि मांडीवर ठेवून शाळेच्या पेन्सिलीने पाठीमागे लिहिले: खाडीचा कांदा, मागच्या बाजूला, उंच. कल्याणला मामाच्या परसात मामीने गुलबक्षीचे गड्डे काढून दिले. तीच संध्याकाळची बाई. उन्हे कलली की उघडते, आणि एकदिशी मिटायला आणि तिने उमलायला एकच गाठ पडते. मामी म्हणाली की हिला मोकळे सोडाल तर घर गिळील. म्हणून मी लिहिले: गुलबक्षी, कडेला, हातपाय पसरते. मामीने प्रेमाने सोनटक्क्याचे कंदही दिले. बाला सोनटक्क्याचा वास फार आवडे, म्हणून आम्ही नको म्हटले नाही. कळव्याला परतताना मसणवटीच्या बांधावरून सदाफुलीची रोपे उचलली. गाढवे खात नाहीत, पाणी घालत कोणी नाही, आणि बारा महिने फुले. मामा म्हणाला की मडमेच्या दारात मसणातली फुले लावाल तर खरेच फासावर जाल. बा म्हणाला की मडमेला कुठे ठाऊक आहे ते कुठे उगवते. गवती चहा आमच्याच मोरीपाशी होता, आईने तापासाठी लावलेला. त्याचे पाते एकदिशीच्या पात्यासारखेच. तिचे पिवळे झाले की ह्याचे हिरवे पुढे दिसावे, म्हणून तो मागे.

बाने वाफ्यातली वरची चार बोटे माती खरवडून बाहेर टाकली आणि नवी घातली. मग आई बागेत आली. माळ्याच्या बायकोने बंगल्याच्या पुढच्या बाजूला यायची रीत नव्हती. ती पदर खोचून वाफ्याच्या मधोमध उभी राहिली आणि एकेकीची जागा बोटाने दाखवू लागली. तू इथे, तू तिथे. सदाफुलीला पुढे, बुटकी म्हणून. गुलबक्षीला दोन्ही टोकांना, आणि तिच्या नि एकदिशीच्या मधे एक वीत उघडी जमीन. बा खड्डे करत गेला. शेवटी त्याचा हात सवयीने कमरेच्या कनवटीकडे गेला. आई म्हणाली, "मीठ काढलंस तर हात मोडीन." आम्ही तिघे इतके हसलो की बटलर बाहेर येऊन बघून गेला.

हिवाळा बरा गेला. चैत्रात एकदिशीचे दांडे वर आले. मग वैशाख आला, मडम डोंगरावर गेली, आणि विहिरीचे पाणी मचूळ झाले. सोनटक्का आठ दिवसांत गेला. बाने त्याला आमच्या पिण्याच्या हंड्यातले गोडे पाणी चोरून घातले तरी गेला. बाकीच्या उभ्या होत्या. पण गुलबक्षी अजून कळीला नव्हती, खाडीच्या कांद्याने नुसती पाने काढली होती, आणि दुपारच्या उन्हात तो वाफा खरे सांगायचे तर रानासारखा दिसे. दाजीपंत एका सकाळी छत्री घेऊन आले. साहेबाकडे कोणी मोठा पाहुणा येणार होता. ते म्हणाले की हे रान उपटा, फक्त लिली ठेवा, मी मडमेला काय ते सांगीन. त्यांनी सदाफुली ओळखली होती. मसणातली फुले बंगल्याच्या दारात, असे म्हणताना त्यांच्या अंगावर खरोखरच काटा आल्यासारखे दिसले.

मी बाकडे पाहिले. हुकूम झाला होता. मी बोलणार इतक्यात बा उठून उभा राहिला. त्याने हातातले खुरपे धोतराला पुसले, मूठ पुढे करून दाजीपंतांपुढे धरले, आणि खाली न बघता म्हणाला,

"हे घ्या खुरपं. तुमी उपटा."

दाजीपंतांनी, कोणी काही पुढे केले की घेतो तसे, ते घेतले. पांढरे स्वच्छ धोतर, एका हातात छत्री, दुसऱ्यात मातीचे खुरपे. बा बाजूला होऊन हात बांधून उभा राहिला. उद्धटपणा त्यात काडीचा नव्हता. तुमचा हुकूम तुमच्या हाताने होऊ द्या, एवढेच. रहाटावरचा गडी पाणी ओढायचा थांबला. दाजीपंतांनी वाफ्याकडे पाहिले, आपल्या जोड्यांकडे पाहिले, आणि खुरपे हळूच जमिनीवर ठेवले. "मडमसाहेब आल्या की बघतो," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आणि तो कागद मला परत हवा आहे, नारायण." मी म्हटले की त्याच्या पाठीमागे आमची यादी आहे, ती अजून लागते. ते गेल्यावर बा रांजणापाशी जाऊन दोन तांबे पाणी प्यायला.

मी पुढे पुष्कळ शूर माणसांबद्दल वाचले, काहींना पाहिलेही. पण धैर्य म्हटले की मला ते मूठ पुढे करून धरलेले खुरपे दिसते. मी नुसते वाचून दाखवले होते, आणि मला शिकवलेले होते. त्याला कोणी शिकवले?

मडम आली ती ज्येष्ठाच्या आरंभी, दुपारच्या गाडीने. तोवर गुलबक्षी फुलायला लागली होती, खाडीच्या कांद्याला एकच दांडा आला होता. ती प्रवासाच्या कपड्यांतच वाफ्यापाशी आली. एकदिशीची फुले नुकती मिटू लागली होती, आणि दोन्ही टोकांना गुलबक्षी, गुलाबी नि पिवळी, एकेक पाकळी सोडवत होती. पुढे सदाफुली. मागे हिरवे पाते हलत होते. तिने खुर्ची तिथेच आणायला सांगितली आणि आतून ते जाड पुस्तक मागवले. लिलीच्या पानावर, छापील नावांच्या बाजूच्या कोऱ्या जागेत, तिने मला एकेक नाव सांगायला लावून पेन्सिलीने लिहून घेतले. सदाफुली कुठे मिळाली असे तिने विचारले. मी म्हटले, कळव्याला. ते खोटे नव्हते. दाजीपंत मागे उभे होते. मसणवटीचे नाव त्यांनी काढले नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. शेवटी तिने विचारले की पुस्तकातल्या नावांवर काट मारू का. आई खांबाआडून म्हणाली, "मारा की."

बाची जागा राहिली, खोल्या राहिल्या. मी त्याच खोलीत अभ्यास करून मॅट्रिक झालो, मुंबईला गेलो, आमच्या कुळात पहिला बी. ए. झालो. नंतर साहेबाची बदली झाली, आणि नव्या साहेबाला चेंडू खेळायला सपाट हिरवळ हवी होती. वाफा उखडायच्या आधीच बाने गोणपाटात सगळे कांदे-गड्डे बांधले होते. मडमेने आणले होते तसेच. ते आधी कळव्याला गेले, मग कल्याणला माझ्या दारात आले, आणि आईने इथेही बोट दाखवून ज्याची त्याची जागा ठरवली. ती आज नाही, बा नाही. पात मोडलेली नाही. व्याह्यांनी कितीही सांगितले तरी मी मोडणार नाही.

तो कागद मी दाजीपंतांना कधी परत केला नाही. त्यांनी दोनदा मागितला आणि मग मागायचे सोडले. पत्र्याच्या पेटीत तो अजून आहे. पाठीमागे पोरवयाच्या अक्षरात झाडांची यादी, पाण्याने थोडी पुसट झालेली. पुढे दाजीपंतांची दाट, वळणदार मोडी, आणि त्याखाली, डाव्या बाजूला, माझ्या बापाच्या अंगठ्याची जागा. ती कोरी आहे.